मुंबईचे विकास आराखडे आणि खाजण जमिनी : एक ऐतिहासिक अवलोकन

शहराच्या विकास आराखड्याचा इतिहास आपल्याकडे सामान्यतः दोन अंगांनी लिहिला जातो. कोणता अधिनियम केव्हा झाला, मसुदा केव्हा प्रसिद्ध झाला आणि शासनाची मंजुरी केव्हा मिळाली हा एक भाग. जमिनीच्या किमती, आरक्षणे आणि त्यांमागील हितसंबंध हा दुसरा. प्रस्तुत लेखात या दोहोंहून निराळा आणि वरवर पाहता किरकोळ वाटणारा प्रश्न हाती घेतला आहे. पुढील वीस वर्षांत शहर कोठे व किती वाढावयाचे हे ठरत असताना, त्या निर्णयामुळे पाण्याचे, खाडीचे आणि सखल भूमीचे काय होईल याची पूर्वतपासणी करण्याचे दायित्व मुंबईत कोणावर होते? कागदपत्रांच्या आधारे द्यावयाचे तर उत्तर फार लहान आहे. ते कोणावरही नव्हते. पुढे पर्यावरणाचे कायदे झाले, परंतु तेही प्रकल्पाची तपासणी करतात, आराखड्याची नव्हे. ही उणीव कशी निर्माण झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

मुंबई ही भरावाची नगरी आहे हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. पण भराव कोठे घातला याचा पुरावा नकाशांइतकाच स्थलनामांतही टिकून आहे. उमरखाडीत आज खाडी नाही. पायधुणीस पाय धुण्याजोगे पाणी नाही. उपनगरातील खार या नावाची व्युत्पत्ती खाऱ्या जमिनीशी जोडली जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मीजवळचे भगदाड बांध घालून बंद करण्यात आले आणि बेटांमधील सखल पट्टा हळूहळू कोरडा झाला. परंतु समुद्र बांधाबाहेर गेला म्हणून जमिनीची पातळी उंचावत नाही. त्या पट्ट्याचा मोठा भाग भरतीच्या रेषेखालीच राहिला. तेथील पावसाचे पाणी ओहोटीची वाट पाहतच समुद्रास मिळू शकते. हिंदमाता परिसरात दर पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याची चर्चा वृत्तपत्रांत नव्या आपत्तीसारखी होते. वस्तुतः ती दोन शतकांपूर्वीच्या एका अभियांत्रिकी निर्णयाची नियमित थकबाकी आहे.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या नगर सुधारणा न्यासाने हवा, उजेड व निचरा यांना नगररचनेत प्रथमच अधिकृत स्थान दिले. न्यासाच्या दृष्टीने सखल, दलदलीची जमीन म्हणजे रोगाचे घर होते; ती भरून काढणे हे आरोग्यकार्य होते. ही दृष्टी त्या काळच्या वैद्यकीय ज्ञानाशी सुसंगत होती आणि तीबद्दल न्यासास दोष देणे अन्यायाचे ठरेल. मात्र तिचा एक संस्कार मागे उरला. पाणथळ जमीन ही अपुरी, अद्याप जमीन न झालेली जमीन होय, हा समज पुढील प्रत्येक आराखड्याने न तपासता स्वीकारला.

१९१५ चा मुंबई नगररचना अधिनियम हा या देशातील तशा प्रकारचा पहिला कायदा. त्याचा विचार मर्यादित क्षेत्रांपुरत्या नगररचना योजनांचा होता. संपूर्ण शहराचा आराखडा करण्याची सक्ती त्यात नव्हती. ती १९५४ च्या अधिनियमाने आली. दरम्यान १९४८ साली ना. वि. मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा सादर केली. उपनगरांचा नियोजित विस्तार, उद्योगांचे विकेंद्रीकरण, उपग्रह-नगरे यांचा तीत पुरस्कार होता. मोडक हे मूळचे अभियंते, आणि शहराच्या पाण्याचा प्रश्न त्यांच्या इतका कोणास ठाऊक असणार? वैतरणेवरील जलाशयास आज त्यांचेच नाव आहे. तरीही शहरात आणावयाचे पाणी आणि शहरातून बाहेर जावयाचे पाणी हे दोन निरनिराळे विषय आहेत, अशी जी विभागणी पुढे आपल्या नगरप्रशासनात रूढ झाली ती त्या काळीही दिसते. विहार (१८६०), तुळशी (१८७९), तानसा (१८९२) आणि वैतरणा (१९५७) यांचा इतिहास अभिमानाने सांगितला जातो. मिठी नदीचा इतिहास २००५ पूर्वी कोणी सांगितल्याचे आढळत नाही. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांतूनच ती निघते, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

१९५० आणि १९५७ या वर्षी शहराची हद्द वाढत वाढत दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. १९५१ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख असलेली लोकसंख्या १९६१ मध्ये ४१ लाखांवर आणि १९७१ मध्ये जवळजवळ ६० लाखांवर पोचली. बृहन्मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६४ मध्ये प्रसिद्ध होऊन १९६७ मध्ये मंजूर झाला तो या दोन जनगणनांच्या दरम्यान. अशा वेगाने वाढणाऱ्या शहरासाठी आराखडा करणाऱ्यांनी प्रथम घरे, शाळा, रस्ते आणि रुग्णालये यांचा हिशेब मांडावा हे स्वाभाविक होते. खाडीकाठची मिठागरे, तिवरांची राने आणि खाजणे ‘ना-विकास क्षेत्र’ या वर्गात गेली.

या संज्ञेपाशी थोडे थांबावे लागेल. जमीन काय करते हे ती सांगत नाही. जमिनीवर काय करावयाचे नाही एवढेच सांगते. निवासी क्षेत्र म्हणजे जेथे माणसे राहतात. औद्योगिक क्षेत्र म्हणजे जेथे कारखाने चालतात. आणि ना-विकास क्षेत्र म्हणजे जेथे अद्याप काही झालेले नाही. भरतीचे पाणी आत घेणे, पावसाचे पाणी काही तास थोपवून धरणे, मासळीस अंडी घालण्यास जागा देणे, मीठ पिकविणे ही त्या जमिनीची कामे नकाशाच्या कोणत्याही वर्गात नोंदली गेली नाहीत. ज्या कामाची नोंद नाही त्याचे नुकसानही नोंदता येत नाही. शिवाय ‘ना-विकास’ या शब्दात एक काळसूचक अर्थ दडलेला आहे: आज नाही, म्हणजे उद्या. प्रस्तुत लेखकाच्या मते मुंबईच्या पुढील पर्यावरण-इतिहासाचे बरेचसे स्पष्टीकरण या एका संज्ञेच्या नकारात्मकतेत सापडते.

याचा अर्थ कायद्यास पाण्याची जाणीव नव्हती असा मात्र नाही. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम हा द. रा. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या विचारमंथनातून आलेला, आपल्या काळाच्या मानाने प्रगल्भ कायदा होता. विकास योजनेत कोणत्या बाबी असाव्यात हे सांगणाऱ्या त्याच्या २२ व्या कलमात निसर्गसौंदर्याच्या स्थळांचे जतन आहे आणि पूरनियंत्रण व नद्यांचे प्रदूषण रोखण्यासंबंधीचे प्रस्तावही आहेत. अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण-धोरण कायदा १९६९ मध्ये संमत झाला, म्हणजे आपला अधिनियम त्याच्या तीन वर्षे आधीचा. उणीव विषयांच्या यादीत नव्हती, कार्यपद्धतीत होती. अधिनियम विद्यमान भू-वापराचा नकाशा तयार करावयास लावतो, मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवावयास लावतो आणि शासनाची मंजुरी घ्यावयास लावतो; पण या प्रस्तावाखेरीज दुसरे कोणते पर्याय होते, त्या प्रत्येकाचे पाण्यावर व भूमीवर काय परिणाम झाले असते, हे लेखी मांडावयास लावत नाही. हरकत घेणाऱ्या नागरिकास आपल्या भूखंडावरील आरक्षण दिसते. नाल्याच्या मुखाशी काय होणार हे त्याला कोण दाखविणार?

या उणिवेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण वांद्रे–कुर्ला संकुलाचे आहे, आणि ते दुष्ट हेतूचे नसून चांगल्या हेतूचे असल्यामुळेच अधिक अभ्यसनीय आहे. दक्षिण मुंबईत कार्यालयांची होत असलेली दाटी थांबवावी आणि नोकरीसाठी दररोज दक्षिणेकडे वाहणारा लोंढा मध्येच अडवावा, हा उद्देश प्रादेशिक नियोजनाचाच होता आणि तो योग्य होता. त्यासाठी निवडलेली सुमारे ३७० हेक्टर जमीन मिठी नदी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्या दोन्ही काठांची सखल भूमी होती. एका ठिकाणची दाटी कमी करण्यासाठी दुसऱ्या ठिकाणची मोकळीक खर्ची पडली. नदीच्या वरच्या अंगास विमानतळाच्या विस्ताराने पात्रास वळणे दिली होती; काठावर कारखाने, भंगारवाडे आणि झोपड्या दाटल्या होत्या. प्रत्येक काम करणाऱ्या संस्थेने आपापल्या हद्दीतील नदीचा विचार केला असेलही. सुमारे १८ किलोमीटरच्या त्या संपूर्ण नदीचा विचार करण्याचे व्यासपीठ आराखडा हेच असावयास हवे होते.

खाजणावर केवळ कार्यालयेच आली असे नव्हे. ज्यांना आराखड्यात जागा नव्हती त्यांनाही तेथेच पाठविण्यात आले. १९७६ साली मानखुर्दजवळची जनता कॉलनी उठवून तेथील हजारो रहिवाशांना तुर्भ्याच्या खाडीकाठी, आज चीता कॅम्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दलदलीच्या जागेवर वसविले गेले. ओल्या जमिनीवर राडारोडा टाकून ती राहण्यायोग्य करण्याचे श्रम आणि खर्च त्या कुटुंबांनीच केला. पर्यावरणाचा प्रश्न हा सुखवस्तू लोकांचा छंद आहे असे म्हणणाऱ्यांनी या वस्तीचा इतिहास वाचावा. सखल जमिनीचा दोष सर्वप्रथम त्यांच्या घरात शिरतो ज्यांनी ती जमीन निवडलेली नसते.

त्याच सुमारास खाडीच्या पलीकडे मात्र निराळा प्रयोग चालू होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून पूर्वेकडील मुख्य भूमीवर नवे शहर उभारण्याची कल्पना मांडली. त्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नव्या मुंबईचे कितीतरी दोष दाखविता येतील. ज्यांच्या भातखाचरांवर व मिठागरांवर ती उभी राहिली त्या शेतकऱ्यांना योग्य मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई व दास्तान फाटा येथील गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, ही तर दोषाहून फार मोठी गोष्ट आहे. परंतु पाण्याच्या बाबतीत तेथील नियोजकांनी आरंभीच भरतीच्या पातळीचा प्रश्न विचारला. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी समुद्रात सोडता येत नाही, म्हणून ते काही तास साठविण्यासाठी धारण तलाव आखले. भरतीचे पाणी आत येऊ न देणाऱ्या व ओहोटीस उघडणाऱ्या झडपा बसविल्या. खार जमिनीस बांध व उघाडी घालून भात पिकविणाऱ्या आगरी शेतकऱ्यास हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, हे येथे ओझरते नमूद करावेसे वाटते. आराखड्याच्या पायरीवर प्रश्न विचारला तर उत्तरास जमीन मिळते, एवढे तरी या तलावांवरून सिद्ध होते. पुढे त्यांत गाळ साचला, गाळावर तिवरे उगवली आणि तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्यामुळे तलाव उपसणे हाच न्यायालयीन प्रश्न होऊन बसला. चांगली योजना देखभालीवाचून कशी स्वतःच्याच विरोधात उभी राहते याचा इतका नेमका नमुना क्वचितच सापडेल.

इकडे बृहन्मुंबईत १९८५ च्या पुरानंतर पर्जन्यजलवाहिन्यांचा सर्वंकष अभ्यास करविण्यात आला आणि त्याचा अहवाल १९९३ मध्ये आला. जुन्या वाहिन्या ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ती क्षमता दुप्पट करावी अशी शिफारस होती. याच काळात, १९९१ ते १९९४ या दरम्यान, दुसरा विकास आराखडा टप्प्याटप्प्याने मंजूर होत होता. शहरात किती बांधकाम होऊ द्यावयाचे हे एक दस्तऐवज ठरवीत होता. त्या बांधकामावर पडणारे पाणी कोठे जाईल हे दुसरा सांगत होता. दोहोंचा परस्परांशी संबंध जोडणारे कलम कोणत्याही कायद्यात नव्हते. त्या अहवालाची अंमलबजावणी बहुतांशी रेंगाळली आणि क्षेत्रफळाचे निर्देशांक मात्र पुढील काळात निरनिराळ्या निमित्तांनी वाढत गेले.

१९९१ हे आणखी एका कारणाने महत्त्वाचे वर्ष आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरतटीय नियमनाची अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेस प्रथमच कायदेशीर अस्तित्व लाभले. पाठोपाठ जानेवारी १९९४ मध्ये पर्यावरण-परिणामांच्या मूल्यांकनाची अधिसूचना आली. सप्टेंबर २००६ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे तिच्या कक्षेत राहिली. हा मोठाच पल्ला होता. परंतु या व्यवस्थेचे एकक प्रकल्प हे आहे. एका इमारतीच्या मूल्यांकनात तिने आपले सांडपाणी कसे शुद्ध करावे, किती झाडे लावावीत, पावसाचे पाणी कसे साठवावे हे विचारले जाते. ती इमारत त्या जागी असावी काय, हा प्रश्न आराखड्याने आधीच सोडविला आहे असे गृहीत धरले जाते. आराखडा म्हणतो, परिणामांची तपासणी प्रकल्पाच्या वेळी होईल. प्रकल्प म्हणतो, जागेचा निर्णय आराखड्यात झालेला आहे. दोन दारांमध्ये प्रश्न ताटकळत राहतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; त्याच दिवशी कुलाब्यास तो सुमारे ७३ मिलिमीटर होता. एका तासात १९० मिलिमीटर पाऊस सांताक्रूझने पाहिला. एवढे पाणी कोणत्याही वाहिनीत मावले नसते, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. १९९३ च्या अहवालाची तंतोतंत अंमलबजावणी झाली असती तरी त्या दिवशी शहर बुडालेच असते. तथापि ते किती खोल बुडाले, किती काळ बुडून राहिले आणि कोणाची घरे बुडाली, हे केवळ आकाशाने ठरविलेले नव्हते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये जो अहवाल दिला त्याचे महत्त्व असे की, त्यात शहराकडे प्रभागांच्या नव्हे तर पाणलोट क्षेत्रांच्या दृष्टीने पाहिले गेले. ही दृष्टी आराखड्यात यावयास हवी होती ती शेकडो मृत्यूंनंतर एका चौकशी समितीमार्फत आली.

अन्य देशांत हा प्रश्न कसा हाताळला गेला याचा थोडा निर्देश येथे उपयुक्त होईल. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९७१ च्या कायद्याने शासकीय योजनांनाही पर्यावरण-तपासणी लागू केली आणि १९९० च्या कायद्याने शहरांवर दीर्घकालीन वाढीच्या योजनेची सक्ती केली. परिणामी सिअॅटल शहर आपली वीस वर्षांची योजना आखते तेव्हा वाढ निरनिराळ्या भागांत कशी वाटावी याचे अनेक पर्याय आणि त्यांच्या जोडीस ‘आहे तसेच चालू ठेवणे’ हा पर्याय, अशा सर्वांचे परिणाम प्रसिद्ध करावे लागतात. युरोपीय संघाने २००१ च्या निर्देशाने योजनांच्या पूर्वतपासणीचा नियम केला. या पद्धती निर्दोष आहेत असे मुळीच नाही. त्यांचे अहवाल शेकडो पृष्ठांचे असतात आणि आपल्या मोहल्ल्यात गरिबांची घरे नकोत म्हणणाऱ्या सुस्थित रहिवाशांनी त्याच कायद्यांचा आधार घेऊन नवी वस्ती अडविल्याची उदाहरणे तेथे पुष्कळ आहेत. तरी ‘दुसरा पर्याय कोणता होता?’ हा प्रश्न तेथे शासनास लेखी उत्तरावा लागतो.

मुंबईचा तिसरा आराखडा २०१४ ते २०३४ या कालखंडासाठी. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा विद्यमान भू-वापराच्या नोंदींतील चुका आणि आरे वसाहतीत सुचविलेला विकास यांवरून इतका क्षोभ उसळला की एप्रिलमध्ये शासनाने तो नव्याने तयार करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला व २०१८ मध्ये मंजूर झाला. नागरिकांनी हजारो हरकती नोंदविल्या, नकाशे वाचावयास शिकून प्रभागाप्रभागांत सभा घेतल्या. नगररचनेच्या इतिहासात ही लोकजागृती अभूतपूर्व होती. नव्या आराखड्यात जुन्या ना-विकास क्षेत्राचा काही भाग ‘विशेष विकास क्षेत्र’ झाला आणि परवडणाऱ्या घरांसाठी खुला करण्यात आला. संज्ञेतील दडलेला काळसूचक अर्थ अशा रीतीने अर्धशतकाने प्रकट झाला. परवडणारी घरे हवीत याबद्दल दुमत नाही. पण ती घरे आणि ती जमीन यांत शहराने जी निवड केली तिचा ताळेबंद कोठे पाहावा? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे असा निर्वाळा दिला. आराखड्याने न केलेले काम न्यायालयास करावे लागले.

त्यानंतरचा घटनाक्रमही याच दिशेचा आहे. मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेने शहराचा वातावरण-कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि पुराच्या धोक्याची सविस्तर मांडणी त्यात केली. पण बांधकामाचे नियम ठरविणारा विकास आराखडा त्याच्या चार वर्षे आधीच मंजूर झालेला होता. १० जानेवारी २०२३ रोजी चंदीगडसंबंधीच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, नागरी विकासास परवानगी देण्यापूर्वी पर्यावरण-परिणामांचा अभ्यास बंधनकारक करणाऱ्या तरतुदी कराव्यात, असे आवाहन केंद्रास व राज्यांस केले. २०२४ मध्ये राज्य शासनाने धारावीच्या पुनर्विकासाशी संबंधित घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांच्या जमिनीचा निर्णय घेतला. ज्यांना त्या घरांत जावयाचे आहे त्यांतील कित्येकांचे पूर्वज माहीमच्या खाडीकाठच्या अशाच जमिनीवर एकदा वसले होते. त्या मिठागरांवरील बांधकामांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणविषयक अनुमती घ्यावी लागेल. ती प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र असेल.